कळी लागलेली साखर

बर्च पॉइंट, २१ फेब्रुवारी १९७१

शहरात, फ्रँकलिन रस्त्यावर राहणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो,

आपली सगळ्यांची तक्रार एकच आहे. पण आपण ती वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या भिंतींकडं तोंड करून केली, म्हणून ती कुणाला ऐकू गेली नाही. आपली झाडं गेली. पाइन आपल्या आज्यांच्या काळात गेले. त्यांचे ओंडके नदीतून खाली वाहत गेले आणि तुम्ही आज राहता ती शहरं त्यांच्यावर उभी राहिली. तेव्हा आपल्याला सांगितलं होतं, पाइन गेले तर जाऊ द्या, मेपल आहेत ना, मेपलला कोण हात लावतो?

आता मेपलची पाळी आहे. लाकूड कंपनीचा माणूस नाताळानंतर आपल्या राखीव वसाहतीत फिरायला लागला. हातात निळ्या रंगाचा डबा. जे झाड पसंत पडेल त्याच्या बुंध्यावर तो पट्टा ओढतो. झाडं पिकली आहेत, असं तो म्हणतो. जणू ती त्याच्यासाठीच पिकत घातली होती.

आणि आपल्या जमातीच्या कौन्सिलनं काय केलं? ठराव केला. ज्या रानात कुटुंब मेपलचा रस आटवून साखर करतं ते रान राखायचं, ज्या रानात चूल पेटत नाही ते तोडायला द्यायचं. वाचताना हा न्याय वाटतो. मी दोनदा वाचला आणि मला त्यात एक जुनी युक्ती दिसली. आधी माणसांना बसमध्ये बसवून शहरात न्यायचं, नोकरी देतो म्हणायचं, आणि माणसं गेली की मागं वळून म्हणायचं, अरेरे, हे रान तर ओसाड पडलंय.

मी बरीच पुस्तकं वाचली आहेत. शाळेच्या ग्रंथालयात बसून मी दुसरं केलं तरी काय? जगात जिथं जिथं कुणाचं काही हिसकावलं गेलं, तिथं हिसकावणाऱ्यानं आधी हेच सिद्ध केलं की ते कुणी वापरत नव्हतं. एका दूरच्या देशात राज्यकर्त्यांनी मीठ स्वतःकडं ठेवलं, तर तिथली माणसं समुद्रापर्यंत चालत गेली आणि आपल्या हातानं मूठभर मीठ उचललं. तेवढंच. मूठभर. मी तुमच्याकडं मोर्चा मागत नाही. या वसंतात घरी या आणि आपापल्या रानात चूल पेटवा.

अँब्रोझ, इथपर्यंत मोठ्यानं वाच. शनिवारी हॉलमध्ये माणसं जमतात तिथं वाच, खुर्चीवर उभा राहून वाच. तुझा आवाज चांगला आहे, आईच्या बाजूचा.

इथून पुढचं तुझ्यासाठी आहे.

तू मला उत्तर देत नाहीस हे मला ठाऊक आहे. तू काय काम करतोस तेही ठाऊक आहे. झोझेद मावशीचा क्लेम शहरात आला होता तेव्हा त्यानं तुला पाहिलं. बोलिंगच्या लांबलचक पट्ट्या, शाळांच्या व्यायामशाळा, सगळीकडं मेपलच्या फळ्या बसवतोस, गुडघ्यांवर बसून. क्लेम म्हणाला, "दादा अजून मेपलजवळच आहे, फक्त आडव्या मेपलजवळ." मी हसले नाही. नंतर हसले.

आपल्या रानात अजून निळा पट्टा पडलेला नाही. तिथं चूल पेटते. झोझेद मावशी आहे, मी आहे, आणि लाकडं फोडायला क्लेम आहे. आपली साखर या तळ्याकाठी सगळ्यांत चांगली आहे, आई करायची तशीच. कौन्सिल एप्रिलात रानं बघायला येणार आहे. मला कसलीच काळजी नाही.

तरीपण ये.

तुझी बहीण,
डेलिमा

*

१४ मार्च

अँब्रोझ,

उत्तर नाही. ठीक आहे. मी बोलत राहते. मला सवय आहे. कौन्सिलमध्येसुद्धा कुणी उत्तर देत नाही.

रस सुटला. रात्री पाणी गोठतं, दुपारी छपरांवरून थेंब पडतात, आणि कावळे परत आले. मावशीनं पहिल्या झाडाच्या मुळाशी चिमूटभर तंबाखू ठेवली आणि झाडाला सांगितलं की आम्ही यंदाही आलोत, राग मानू नये. तिला आता कमरेत वाकता येत नाही. क्लेमनं तिला धरून खाली बसवलं. उठताना ती म्हणाली, "हळू रे, मी काय तुझा ट्रक आहे?" त्यावर क्लेम म्हणाला, ट्रकला मी इतकं जपत नाही.

गिरमिट मी चालवलं. जुन्या वणापासून हातभर बाजूला, थोडं वरच्या अंगाला झुकवून, जसं आईनं शिकवलं होतं. झाडाच्या अंगावर आपल्या घराण्याचे वण आहेत रे. आजीनं पाडलेले आता मिटून नुसत्या बेंबीसारखे दिसतात. आपल्या भाषेत या झाडाला इनिनातिग म्हणतात, माणूस-झाड. शाळेत मी हे सांगितलं होतं तेव्हा बाईंनी मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. आज मी त्याच शाळेतल्या पोरांना तो शब्द फळ्यावर लिहून देते.

चूल रात्रंदिवस चालू आहे. काहील उकळून वर येऊ लागली की मी फरच्या झाडाची डहाळी बुडवते, फेस मान खाली घालतो. मग पाक दाट झाला की काठवटीत ओतायचा आणि वल्ह्यानं घोटत राहायचं, घोटत राहायचं, आणि अचानक वल्ह्याखाली पाकाची वाळू होते. तो क्षण तुला आवडायचा. तू काठवटीत डोकं घालायचास आणि मावशी तुझ्या पाठीत वल्ह्याचा दांडा मारायची.

मोठ्या झाडाला मी गिरमिट लावलं नाही. कोणतं मोठं झाड ते तुला माहीत आहे. त्याच्या मुळाशी भूर्जाच्या सालीच्या वाटीत दरवर्षीसारखी थोडी नवी साखर ठेवली, गेलेल्यांसाठी. क्लेम म्हणाला त्या बाजूला कुणीतरी खोकतंय. साळिंदर असेल. साळिंदर म्हाताऱ्या माणसासारखं खोकतं हे मी एका पुस्तकात वाचलं आहे. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "पुस्तकातलं साळिंदर असेल तर मला काही भीती नाही," आणि त्या बाजूची लाकडं आणायचं त्यानं बंद केलं.

मी भुतांवर विश्वास ठेवत नाही. ठेवला असता तर एवढं वाचलं नसतं.

साखर छान उतरली आहे. मावशीनं चाखली आणि डोळे मिटले. मग तिनं चिमूटभर घेऊन माझ्या तोंडाजवळ हात आणला, दरवर्षी आणते तसा. मला तेव्हा काहील बघायची होती, मी उठले.

डेलिमा

*

२८ मार्च

अँब्रोझ,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांत पहिलं. टपाल कचेरीतल्या बाईनं ते मला देण्याआधी वाचलं होतं, तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

तू लिहिलंस: "डेलिमा, पत्रं थांबव. त्या झाडांनी आईला खाल्लं. त्यांची फळी होते तेव्हा मला बरं वाटतं. काल एका व्यायामशाळेत एका फळीत भोक निघालं, कडेनं काळं पडलेलं. ती फळी मी बाजूला ठेवली."

मी हे कार्ड स्वयंपाकघरात उभी राहून वाचलं आणि आईबद्दलचं वाक्य माझ्या अंगावरून गेलं. ते मी आधी ऐकलं आहे. आईला पुरून आलो त्या दिवशी तू दारात उभा राहून हेच म्हणाला होतास. तिला खोकला होता, तू तिला दवाखान्यात नेणार होतास, ती म्हणत होती की एकदा रस सुटू दे. तू गाडी आणायला गेलास आणि ती मागल्या दारानं काहिली बघायला रानात गेली. दुसऱ्या दिवशी मोठ्या झाडाला टेकून बसलेली सापडली. मांडीवर बर्फ होतं. तू त्या वर्षीचा रस सुटण्याआधीच गेलास. यात कुणाला काय बोलायचं? आई हट्टी होती. आपण दोघं कुणाची पोरं आहोत?

पण तुझं शेवटचं वाक्य मी पुन्हा वाचलं. ज्या माणसाला मेपलची फळी होताना बरं वाटतं, त्यानं भोक असलेली फळी बाजूला का ठेवली? तुझ्या मुकादमानं सांगितलं म्हणून? त्या भोकातून कधीतरी कुणाच्या तरी आईनं रस काढला होता. तुझ्या हाताला ते कळलं. तुझ्या हाताला अजून सगळं कळतं.

आता माझी गोष्ट सांगते. परवा कौन्सिलची बैठक झाली. मी बोलायला उभी राहिले. चांगलं बोलले, अँब्रोझ. पाइनपासून सुरुवात केली, मिठाचं सांगितलं, आणि म्हणाले की साखर म्हणजे नुसती गोडी नाही, ती आमची जमिनीवरची सही आहे. मागच्या बाकांवरच्या बायका माना डोलवत होत्या. चेअरमनसुद्धा पेन खाली ठेवून ऐकत होता.

मग यूजीन उठला. आठवतो ना, तळ्यापलीकडचा, आता कौन्सिलमध्ये आहे. तो आवाजसुद्धा चढवत नाही. म्हणाला, "डेलिमाबाई, भाषण गोड झालं. मागच्या वर्षीची तुमची साखर भाषणासारखी असती तर मी आत्ताच हात वर केला असता. आमच्या घरी तुम्ही सालीचा डबा, अख्खा मकाक भरून दिली होती. माझ्या बायकोनं चाखली आणि म्हणाली, हिनं साखर केली की बूट उकळले?"

सगळी खोली हसली. माना डोलवणाऱ्या बायकासुद्धा. मी वाट पाहिली की कुणीतरी म्हणेल, नाही, चांगली होती. कुणी म्हणालं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी वर्षभर मला सांगितलं नव्हतं, एवढीच त्यांची दया.

कळी लागली होती, अँब्रोझ. मागच्या वर्षी मावशी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती आणि शेवटचा घाणा मी एकटीनं काढला. झाडाच्या कळ्या फुगल्या की रस बदलतो, हे इथल्या पाच वर्षांच्या पोराला कळतं. जिभेवर थेंब ठेवला की संपलं. क्लेमला विचारलं होतं, पण तो दिवसभर तंबाखू चघळतो, त्याला टर्पेंटाइन दिलं तरी म्हणेल झकास. रंग तोच होता, वास वाफेत कळला नाही, आणि मी सगळी काहील आटवली, घोटली, मकाकांत भरली आणि घरोघरी वाटली.

आता तू विचारशील, तुझी जीभ कुठं होती?

मी चाखली नाही. मागच्या वर्षी नाही, त्याच्या आदल्या वर्षी नाही. आई गेल्यापासून मी आपल्या रानातली साखर तोंडात घातलेली नाही. मला ती लहानपणच्या आठवणीवरून माहीत आहे. दुखवट्यातल्या माणसानं नवी साखर आपल्या हातानं खायची नाही, दुसऱ्यानं भरवायची, मग ती त्याला मोकळी होते. त्या वर्षी क्लेमला भरवली, मावशीला भरवली. माझ्याकडं हात आला तेव्हा मी म्हटलं, अँब्रोझ येऊ दे.

मला वाटलं तू दोन-तीन दिवसांत येशील.

आता ते झालं असं की माझं तोंड तिथंच अडकून राहिलं. दरवर्षी मावशी हात पुढं करते, दरवर्षी मला काहील बघायची असते. ज्या बाईनं आपल्या साखरेवर वसाहतीभर भाषणं दिली, तिला आपल्या साखरेची चव ठाऊक नाही. यूजीनला हे कळलं असतं तर तो आणखी हसला असता. त्याला मी दोष देत नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही हसले असते.

चेअरमननं मला खाली बसवलं नाही. तो म्हणाला, "बाई, मी रान बघायला येईन. मला तिथं साखर करणारं कुटुंब दाखवा. एक म्हातारी आणि एक वक्ता, याला मी कुटुंब म्हणू शकत नाही." सतरा एप्रिल, शनिवार. कंपनीचा माणूसही बरोबर येणार आहे, आपला डबा घेऊन.

डेलिमा

*

७ एप्रिल

अँब्रोझ,

आज भाषण नाही. आज जे पाहिलं ते लिहिते.

मोठ्या झाडाखालची वाटी मी मार्चमध्ये ठेवली ती अजून भरलेली आहे. आधी मी लक्ष दिलं नाही. मग लक्षात आलं की बाकीचं काही टिकत नाही. चुलीजवळ राहिलेला पाव खारींनी नेला. काठवटीच्या कडेला चिकटलेली साखर निळ्या पक्ष्यांनी टोचून खाल्ली. मावशीच्या हातमोज्याला साखर लागली होती, तर उंदरांनी हातमोजा कुरतडला. वाटीला कुणी शिवलं नाही. बर्फात चारी बाजूंनी खारींची पावलं आहेत. ती वाटीपर्यंत येतात आणि वळसा घालून जातात.

मी उभी राहून त्या पावलांकडं पाहिलं, आणि माझ्या पाठीमागं कुणीतरी खोकलं. ते साळिंदर नव्हतं. मी साळिंदर म्हणाले होते कारण मला दुसरं काही म्हणायचं नव्हतं. अँब्रोझ, तो खोकला मी ओळखते. आधी एक छोटा, मग थांबून, जणू माफी मागून, मोठा. तू भिंतीपलीकडून तो ऐकत रात्री जागवल्या आहेस.

मी वळले नाही. चुलीकडं चालत आले. पळाले नाही, पण मधे कुठं थांबलेही नाही.

मावशी लाकडी पळीनं मळी काढत होती. तिनं माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, भेटली का? असं, जसं कुणी दुकानात भेटल्याबद्दल विचारतं. मी म्हटलं, मला असल्या गोष्टी सांगू नकोस. ती म्हणाली, मी कुठं सांगतेय, तूच पांढरी होऊन आलीस. मग मी वाटीचं सांगितलं. म्हटलं, दरवर्षी ठेवतो, दरवर्षी तशीच राहते का? मावशी म्हणाली, दरवर्षी. वसंत संपला की तीच ती साखर मुळाशी पुरते. मला सांगितलं नाही, कारण मी पुस्तकं वाचते.

मी विचारलं, ती का खात नाही? तिला आमचा राग आहे का?

मावशीनं पळी काहिलीच्या काठावर ठेवली. तुला तिचा चेहरा आठवतो ना, रागावली की हसल्यासारखी दिसते. म्हणाली, "अगं वेडे, एवढं शिकलीस आणि हे कळेना? पोरांच्या आधी ती कधी जेवली होती का?"

मी चुलीपाशी खाली बसले.

कधी जेवली होती का, अँब्रोझ? तू आठवून बघ. मी सगळा दिवस आठवते आहे. भाताची पेज, मासा, सशाचा रस्सा, काहीही असो, आपण ताटं चाटून पुसून ठेवायचो आणि मग ती पातेल्यापाशी बसायची. पातेल्यात काही नसलं तर म्हणायची, मला भूक नव्हती.

ती तिथं आहे आणि वाट बघते आहे. तिची दोन पोरं जेवलेली नाहीत.

दुपारी मावशीनं पुन्हा माझ्याजवळ चिमूट आणली. या वेळी मी काहिलीचं निमित्त केलं नाही. मी म्हटलं, मावशी, तुझ्या हातून खाल्ली तर एकच पोर जेवेल. दुसरं? तिनं हात मागं घेतला आणि ती साखर स्वतःच खाऊन टाकली. म्हणाली, "मग आण त्याला. मी काय आणखी अकरा वसंत बसणार आहे होय?"

डेलिमा

*

११ एप्रिल, ईस्टर

अँब्रोझ, भावा,

तळ्याकाठी अजून बेडूक ओरडलेले नाहीत. ओरडले की संपलं. कळ्या आज टोकदार आहेत, फुगलेल्या नाहीत. मावशी म्हणते, थंडी टिकली तर शनिवारपर्यंत रस चांगला राहील. शेवटचा घाणा आम्ही शनिवारी सकाळी काढणार, चेअरमनच्या समोर, यूजीनच्या समोर, त्या डबेवाल्याच्या समोर. तो घाणा चाखून कुणीतरी म्हणायला हवं की हा खरा आहे की याला कळी लागली आहे. मावशीनं म्हटलं तर ते म्हणतील, म्हातारी आहे. क्लेमनं म्हटलं तर मीच म्हणेन, याचं ऐकू नका. ते मी म्हणायला हवं. मला जीभ हवी आहे. भाषणाची आहे, ती नव्हे.

तू लिहिलंस की झाडांनी आईला खाल्लं. मग एक गोष्ट तुला आठवते का बघ. आठवत नसेल असं मला वाटत नाही, पण तू ती बाजूला ठेवली असशील, त्या फळीसारखी.

शाळेचा माणूस पोरं घरांतून उचलून शाळेच्या वसतिगृहात न्यायला आला होता. साखरेचेच दिवस होते. तू एवढासा, नीट बोलतही नव्हतास. आईनं गाडीचा आवाज ऐकला, मोठी काहील रिकामीच होती, तिनं आपल्या दोघांना जमिनीवर बसवलं आणि काहील आपल्यावर उपडी घातली. एका कडेखाली दगड सारला, श्वासाला. जाता जाता आत हात घालून तिनं दोघांच्या तोंडात साखरेचा एकेक खडा दिला. खडा विरघळेपर्यंत आवाज करायचा नाही. बाहेर तो माणूस विचारत होता आणि आई म्हणत होती, पोरं आजोळी गेली. तो झाडांमधून फिरत होता. त्याचे बूट काहिलीजवळून गेले, मला फटीतून दिसले.

माझा खडा आधी संपला. मी मोठी होते, पण अधाशी होते. मला रडू यायला लागलं, आतून, पोटातून, ते थांबेना. आणि तू अंधारात चाचपडत माझं तोंड शोधलंस, आधी नाकात बोट गेलं, मग तोंड सापडलं, आणि तू तुझ्या तोंडातला अर्धा खडा काढून माझ्या तोंडात घातलास.

मी रडले नाही. तो माणूस गेला.

मला त्या शाळेत नंतर कधीतरी नेलंच, तुलाही नेलं. पण तो एक वसंत आपण घरी राहिलो. त्या वसंतात आपल्याला त्या रानानं लपवलं, त्या काहिलीनं आणि आईनं. त्या साखरेनं आपली तोंडं बंद ठेवली. कुणी कुणाला खाल्लं, अँब्रोझ? मोठ्या झाडाला आई टेकून बसली ती झाडानं ओढली म्हणून नाही. तिला दम लागला होता आणि टेकायला तिच्या ओळखीचं दुसरं कुणी जवळ नव्हतं.

म्हणून मी मावशीच्या हातून खाल्ली नाही. आधी ज्यानं भरवली होती त्याची मी वाट पाहिली. यात धर्म किती आणि हट्ट किती, मला ठाऊक नाही. तू विचारू नकोस, मी सांगणार नाही.

काल संध्याकाळी मी मोठ्या झाडापाशी गेले होते. ठरवून, वाटी बदलायला. खोकला आला. या वेळी मी मागं वळले. तिथं कुणी नव्हतं. झाडाच्या सालीवर, माणूस टेकून बसला तर डोकं येईल तेवढ्या उंचीवर, एक ओला डाग होता. मी तिथं कधी गिरमिट लावलं नाही, कुणीच लावलं नाही. तरी तिथून रस झिरपत होता, एक थेंब, मग थांबून दुसरा. मी हात लावला नाही. मी म्हटलं, आई, थोडं थांब. तो येतोय.

मी आईला शब्द दिला आहे. मी अनेकांना अनेक शब्द दिले आहेत, भाषणात ते देणं सोपं असतं. पण त्या झाडापाशी ऐकणारं एकच माणूस होतं.

एका देशात माणसं मूठभर मिठासाठी समुद्रापर्यंत पायी गेली. तुला मी चालायला सांगत नाही. शुक्रवारी दुपारची बस घे. पेट्रोल पंपापाशी क्लेम ट्रक घेऊन उभा असेल. तो वाटेत काहीतरी वाह्यात बोलेल, त्याला बोलू दे. सामान आणू नकोस. ती बाजूला ठेवलेली फळी तेवढी आण, मोठ्या झाडाच्या मुळाशी ठेवू.

शनिवारी सकाळी काठवटीत वाळू झाली की मी तुझ्यासमोर बसेन. चेअरमन बघत असेल, यूजीन बघत असेल, कंपनीचा माणूस डबा हातात धरून उभा असेल. त्यांना बघू दे. बोलायचं काही नाही. चिमूटभर साखर घे, आणि माझ्या तोंडात घाल.

मग मी तुझ्या तोंडात घालीन. मग आई जेवेल.

डेलिमा